लेन्स घेण्याआधी जुने फोटो उघडा

पत्र:

नमस्कार. मी इंदूरला सुदामानगरात राहते, शाळेत शिकवते. दिरांनी त्यांचा कॅनन १५००डी मला दिला आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स तीच. मंडळाच्या एकांकिका, लेकीचं भरतनाट्यम, घरचा गणपती आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (रात्री मिरवणुकीत निघणारे दिव्यांचे चित्ररथ), एवढंच माझं फोटोंचं जग. पण स्टेजवरचे आणि रात्रीचे फोटो धड येत नाहीत. शार्प लेन्स घ्यावी म्हणून पंधरा हजार साठवलेत. दीर म्हणतात ५० एमएम घे. दुकानदार म्हणतो, "मॅडम, १८-१३५ ले लो, एक में सब हो जाएगा." यूट्यूबवर एक जण ५० ला प्लॅस्टिकचं खेळणं म्हणतो, दुसरा तिचे कोपरे शार्प नाहीत म्हणतो, तिसरा आलेख दाखवतो, ते मला कळत नाहीत. ऑनलाइन तशीच दिसणारी लेन्स बऱ्याच कमी किमतीत मिळते. शिवाय सासऱ्यांच्या कपाटात त्यांच्या रोलच्या निकॉनची ५० एमएम पडून आहे, ती चालेल का? पैसे एकदाच खर्च होणार आहेत. चार फोटो सोबत पाठवते आहे.
एक हौशी

उत्तर:

ताई, फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. 'कोणती लेन्स घेऊ' विचारणारी पत्रं पुष्कळ येतात, पण आपले बिघडलेले फोटो दाखवायला कुणी तयार नसतं. आणि उत्तर निम्म्याहून जास्त त्या फोटोंतच असतं.

तुमचा पहिला फोटो गणपतीचा, दिवसाउजेडी खिडकीशी काढलेला. दूर्वांचं पातं न् पातं सुटं दिसतंय, मुकुटातल्या खड्यांच्या कडा स्वच्छ आहेत. ही तीच १८-५५, जिच्यावर तुम्ही खापर फोडताय. दुसरा लेकीच्या नाचाचा. त्यात मागच्या पडद्याची चूण न् चूण मोजता येते, लेकीचे दोन्ही हात मात्र पुसल्यासारखे झालेत. फोटोची माहिती उघडली: ५५ एमएम, एफ/५.६, १/१५ सेकंद, आयएसओ (म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची तीव्रता) १६००. सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात नाचणारीचा हात कुठल्या कुठे जातो. तिसरा झांकीचा. इथे प्रत्येक दिव्याची एक बारीक रेघ झालीय आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला कलल्यात, म्हणजे कॅमेरा हलला. (लेन्सच्या अंगावर स्टॅबिलायझरचं बटण असतं, ते ऑफ तर नाही ना, आजच बघा. बॅगेत घासून ते सरकतं.) चौथा एकांकिकेचा: नायिकेचा चेहरा मऊ आणि तिच्यामागचा रंगवलेला खांब एकदम कडक. कॅमेऱ्याने फोकस खांबावर धरला.

तीन फोटो बिघडले ते तीन निरनिराळ्या कारणांनी, आणि त्यात काच शार्प नसल्याचं कारण एकही नाही. तुम्हाला शार्प लेन्स नकोच आहे, जास्त उजेड आत घेणारी लेन्स हवी आहे. या दोन्ही गोष्टी बाजारात एकाच नावाखाली विकल्या जातात, म्हणून सगळा गोंधळ.

उजेडाचा हिशोब सोपा आहे. एफ आकडा म्हणजे फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेले ५०, ५५ एमएम) छिद्राच्या व्यासाने भागून येणारा आकडा. तुमच्या लेन्सचं तोंड ५५ वर एफ/५.६ पेक्षा मोठं उघडत नाही, म्हणजे जेमतेम १० मिलिमीटरचं छिद्र. ५० एमएम एफ/१.८ चं छिद्र जवळजवळ २८ मिलिमीटरचं. सेन्सरवर पडणारा उजेड साडेनऊ पटींहून जास्त. लेकीचा जो फोटो १/१५ ला निघाला तो त्याच दिव्यांत, त्याच आयएसओला १/१२५ ला आरामात निघेल. आयएसओ ३२०० केलात तर १/२५०, आणि मग हस्तमुद्रेतली बोटंसुद्धा जागेवर थांबतात. ३२०० ला दाणे येतील, येऊ देत. दाणेदार फोटो आजी फ्रेम करून भिंतीला लावते, हललेला लावत नाही.

आता १८-१३५. लेन्स वाईट नाही. प्रवासाला एकच काहीतरी गळ्यात अडकवायचं असेल तर मी स्वतः ती सुचवेन. पण तिचाही एफ आकडा ३.५ पासून ५.६ पर्यंतच. सभागृहातला अंधार तिच्यासाठी तेवढाच अंधार राहील, फक्त तो अंधार तुम्हाला जवळून दिसेल. दुकानदार म्हणेल, इसमें स्टॅबिलायझर है. तो तुमच्या १८-५५ मध्येही आहे, आणि तो तुमचा हात स्थिर करतो, लेकीचा नाही. एकच लेन्स सगळीकडे चालेल हे म्हणणं खरं आहे, पण तुमचे फोटो जिथे अडलेत नेमकी तिथेच ती चालणार नाही.

दिरांचं बरोबर आहे. तरीही दुकानात जायच्या आधी एक करा. १८-५५ ची झूम रिंग ५० वर आणा, वर कागदी टेप लावा आणि आठवडाभर घरात, शाळेत, गच्चीवर तसेच फोटो काढा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, २२.३ मिलिमीटर रुंद, त्यामुळे ५० एमएम त्यावर जुन्या रोलच्या कॅमेऱ्यातल्या ८० एमएमइतकी जवळ आणते. पाच मीटरवर उभं राहिलात तर चौकटीत सव्वादोन मीटर रुंदीचंच दृश्य मावतं. दहा बाय बाराच्या खोलीत आरतीला जमलेलं अख्खं कुटुंब तिच्यात कधीच येणार नाही, पाठ भिंतीला टेकली तरी नाही. ते काम १८-५५ कडेच राहू द्या. स्टेजचं गणित वेगळं: रंगमंच दहा मीटर रुंद धरला आणि तुम्ही बारा मीटरवर बसलात, तर त्याचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग येतो. दोन पात्रांचा संवाद छान बसतो, एकटीचा चेहरा भरून हवा असेल तर पुढच्या रांगेत सरकावं लागतं.

आठवड्याने टेप उपटून फेकावीशी वाटली, तर मात्र कॅननची २४ एमएम एफ/२.८ एसटीएम (ही अक्षरं म्हणजे फोकसच्या मोटारीचा प्रकार) बघा. पापडाएवढी चपटी, १२५ ग्रॅमची लेन्स, १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. रांगोळी, नैवेद्याचं ताट, सराफ्यात रात्री तळले जाणारे गराडूचे (कंदाचे) तुकडे, याला ती फार गोड आहे. पण तिचा उजेडाचा फायदा कमी, कारण तुमची १८-५५ देखील २४ वर साधारण एफ/४ पर्यंत उघडते. म्हणजे फायदा दुपटीचा, ५० सारखा साडेनऊ पटींचा नाही. या दोन्हींच्या मधली, ३५ एमएम एफ/१.८, निकॉनवाल्यांना लहान सेन्सरसाठी २००९ पासून परवडणाऱ्या किमतीत मिळतेय. कॅननने तुमच्या कॅमेऱ्यासाठी त्या भावात तशी कधी दिली नाही. याबद्दल मी कॅननवर जरा नाराज आहे, पण त्याने तुमचा प्रश्न सुटत नाही. माझं मत ५० ला.

आलेख कळत नाहीत म्हणता. कळले नाहीत तरी तुमचं काही अडणार नाही, पण तो यूट्यूबवाला परत भेटेल म्हणून थोडक्यात सांगते. आडव्या रेषेवर फोटोच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर, उभ्या रेषेवर लेन्स किती तपशील राखते ते. एका मिलिमीटरात दहा रेघांची जी ओळ असते ती एकंदर कॉन्ट्रास्ट सांगते, तीस रेघांची ओळ बारीक तपशील. ओळ उजवीकडे जाताना खाली पडली की कोपरे मऊ. कंपन्यांचे असे बरेच आलेख डिझाइनवरून हिशोबाने काढलेले असतात. तुमच्या हातात येणारा नग कारखान्यातून कसा निघाला हे त्यात कुठेच नसतं. शिवाय स्टेजच्या फोटोत कोपऱ्यात असतं काय? काळा पडदा. तो मऊ आला काय आणि कडक आला काय.

हेच स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून बघण्याबद्दल. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो, साधा मॉनिटर १९२०. म्हणजे शंभर टक्क्यांवर तुम्ही सुमारे दीड मीटर रुंदीचा फोटो दीड वितीवरून न्याहाळत असता. बारा बाय अठरा इंचाची प्रिंट तीनशे डीपीआयला काढायला ५४०० पिक्सेल पुरतात, आणि ती प्रिंट लोक हातभर लांबून बघतात. कोणतीही ५० एमएम एफ/१.८ पूर्ण उघडल्यावर थोडी मऊ असते, चमकत्या दागिन्यांच्या कडेला जांभळी-हिरवी झाक येते. एफ/२.२ किंवा २.८ ला ते बरंच निवळतं, एफ/५.६ ते ८ च्या दरम्यान बहुतेक लेन्सा आपली सर्वोत्तम कामगिरी देतात, आणि एफ/१६ ला विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळ्याच पुन्हा मऊ होतात, दहा हजारांची असो की लाखाची.

प्लॅस्टिकचं खेळणं हा शेरा मुख्यतः जुन्या पिढीचा आहे. कॅननच्या ५० एमएम एफ/१.८ ची १९९० ची दुसरी आवृत्ती खरोखरच तशी होती. माउंटसुद्धा (कॅमेऱ्यात अडकणारी मागची कडी) प्लॅस्टिकचं, फोकस करताना घरघर आवाज, छिद्राला पाचच पाती, त्यामुळे मागचे दिवे पंचकोनी दिसायचे. २०१५ मध्ये एसटीएम आली. माउंट धातूचं, सात गोलसर पाती, मोटार बरीच शांत, आणि ४५ ऐवजी ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. बाहेरचं अंग अजून प्लॅस्टिकच, वजन १६० ग्रॅमच्या आसपास. त्यात मला खोट दिसत नाही. तुमचा कॅमेरा कशाचा आहे? जुनी अजूनही सेकंडहँड फिरते आणि फोटोत दोघी सारख्याच दिसतात, म्हणून घेताना 'एसटीएम' ही अक्षरं लेन्सवर वाचून घ्या. फिल्टरचा आकारही बघा: जुनीचा ५२, नवीचा ४९ मिलिमीटर.

नवीची खरी दुखरी जागा वेगळीच आहे. जवळचा फोकस करताना तिची आतली नळी पुढे येते, आणि फोकसची रिंग विजेवर चालत असल्याने कॅमेरा बंद केल्यावर रिंग फिरवून नळी आत जात नाही. तशीच बाहेर आलेली लेन्स बॅगेत कोंबली आणि वरून डबा पडला की नळी वाकडी. म्हणून बंद करण्याआधी लांबच्या कशावर तरी फोकस करा, आणि पहिल्या दिवसापासून हूड (लेन्सच्या तोंडाभोवतीचं कडं) लावा. हूड धक्का स्वतः झेलतो.

यूव्ही फिल्टर मात्र झांक्यांच्या रात्री काढून ठेवा. दुकानदार तो जवळजवळ फुकटात देतो, आणि त्या स्वस्त काचेवरून परत उलटलेले दिवे फोटोत हिरवट ठिपके होऊन मधेच तरंगतात. तुमच्या तिसऱ्या फोटोत वर उजवीकडे तसे तीन आहेत, मी आधी ते विजेच्या माळेतले समजले होते.

आणि रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) ही लेन्स नेऊ नका. ना तिला पाण्याची-धुळीची रबरी सील, ना कॅमेऱ्याला. राजवाड्यावर टँकरमधून रंगीत पाणी आणि तोफेतून गुलाल उडतो तिथे मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या, नाहीतर एखाद्या गच्चीवर जागा पकडा.

ऑनलाइनच्या स्वस्त लेन्सचं दोन ओळींत उरकते. या नकलांची काच पुष्कळदा ठीकठाक असते, अडचण ऑटोफोकसची. कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी ज्या विद्युत भाषेत बोलतात ती कंपनी उघड करत नाही, नक्कल करणारे ती अंदाजाने उलगडतात. उजेडात चालतं, स्टेजच्या मंद उजेडात फोकस मागे-पुढे डोलत राहतो. तुम्हाला हवी नेमकी तीच वेळ. सगळं चिनी टाकाऊ असं मात्र मी म्हणणार नाही, व्हिल्ट्रॉक्ससारख्यांच्या मिररलेससाठीच्या (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठीच्या) काही लेन्सा उत्तम आहेत. तुमचा कॅमेरा मिररलेस नाही एवढंच. उद्या तुम्ही कॅननचा मिररलेस घेतलात तर ही ५० ॲडॉप्टर लावून त्यावर ऑटोफोकससकट चालेल. १९८७ पासूनच्या कॅननच्या ईएफ (तुमच्या कॅमेऱ्याला लागणाऱ्या) लेन्सांना ती सोय आहे.

आता घेतल्यावर तपासायचं कसं. याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण लेन्सच्या एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो आणि बदलून मिळायची मुदत थोडे दिवसच असते.

पहिल्या रात्री 'नईदुनिया' पेपरचं आख्खं दुपानी पान भिंतीला सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर स्टुलावर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर. कॅमेरा भिंतीला बरोबर समांतर हवा, नाहीतर लेन्सचा दोष आणि तुमचा तिरकेपणा वेगळा ओळखता येत नाही. त्यासाठी एक युक्ती: पानाच्या मध्यावर छोटा सपाट आरसा टेकवा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर त्या आरशात लेन्सचं स्वतःचं तोंड बरोबर मधोमध दिसलं की समांतर झालात. आरसा काढा, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) सोडून लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं दृश्य) लावा, दहा पट मोठं करून मधल्या मथळ्यावर फोकस करा. मग एफ/१.८, २.८, ४, ५.६, ८ असे एकेक फोटो. संगणकावर चारही कोपऱ्यांतल्या छोट्या जाहिराती एकमेकांशी ताडून बघा. चारही सारख्याच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन ठीक आणि एकच कोपरा एफ/५.६ लाही विरघळलेला असेल तर आतली एखादी काच मध्यावर नीट बसलेली नाही. आरसा लावून पुन्हा एकदा करा, तेच आलं तर लेन्स परत.

वर्तमानपत्र फार जवळ असतं, म्हणून दुसरी परीक्षा राजवाड्यावर. सकाळी समोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी उभ्या राहा. दरवाज्याचे सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. इतक्या आडव्या रेघा आणि इतकं बारीक लाकूडकाम शहरात दुसरीकडे एका चौकटीत मिळणार नाही. आधी १८-५५ ने १८ वर काढा: चौकटीच्या वरच्या कडेजवळचे मजले किंचित फुगलेले दिसतील. मग ५० लावा, तेच मजले पट्टीने आखल्यासारखे. ५० मध्ये अख्खा राजवाडा येणार नाही, लाकडी झरोक्यांचा तुकडाच येईल, आणि तोच हवाय. झरोक्याच्या जाळीची कड जिथे आकाशावर येते तिथे एफ/१.८ ला जांभळी रेघ शोधा, आणि ती कुठल्या आकड्याला नाहीशी होते ते लिहून ठेवा. तो तुमच्या नगाचा कामाचा आकडा.

तिसरी ओट्यावर. मसाल्याचे तीन सारखे डबे तिरक्या ओळीत, एकामागे एक, बोटभर अंतर सोडून. दीड मीटरवरून, या वेळी व्ह्यूफाइंडरमधून बघत, मधला फोकस बिंदू मधल्या डब्याच्या चिठ्ठीवर धरून एफ/१.८ ला काही फोटो. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून नव्याने धरायचा. कधी पुढचा कधी मधला शार्प आला तर तो कॅमेऱ्याचा धरसोडपणा, त्याला इलाज सवयीचा. दर वेळी पुढचाच डबा शार्प येत असेल तर लेन्स आणि कॅमेऱ्याचं जमत नाहीये. मोठ्या कॅमेऱ्यांत हे मेन्यूतून सुधारता येतं, १५००डी मध्ये ती सोय नाही. नग बदलून घ्या.

हे झालं की स्टेज. मुख्य प्रयोगात फोटोच काढू नका. तुमच्या कॅमेऱ्यातला आरसा प्रत्येक फोटोला खटकन वाजतो आणि पहिल्या रांगेतल्या काकू मान वळवून बघतात, त्यांचं चुकत नाही. रंगीत तालमीला जा. तोच पोशाख, तेच दिवे, आणि तुम्ही हव्या तिथे फिरू शकता. मॅन्युअल मोड, १/२००, एफ/२.२, आयएसओ १६०० ते ३२००. काळ्या पडद्याला भुलून कॅमेरा चेहरे पांढरे फटक करतो, म्हणून उजेड चेहऱ्यावर मोजा. नऊ फोकस बिंदूंपैकी फक्त मधला चालू ठेवा, या कॅमेऱ्यात तोच क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेघा पकडणारा) आणि सर्वांत भरवशाचा आहे. तो डोळ्यावर धरा. एकांकिकेतला तो खांब परत तुमच्या वाट्याला येणार नाही. पाच मीटरवर एफ/१.८ ला साधारण पाऊण मीटरहून थोडी कमी खोली शार्प मिळते, एका पात्राला पुरते. घरात एक मीटरवर मात्र ती तीन सेंटिमीटरच्याही आत येते: लेकीचा डोळा शार्प आणि कान धूसर. घरी एफ/४ वर राहा.

झांक्यांना शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे बरेच एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि वेगळ्या शटरला फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. ५० एमएम हातात धरून १/१०० ला सांभाळता येते. या लेन्समध्ये स्टॅबिलायझर नाही, त्यामुळे १/५० ला कोपर पोटाशी घट्ट. या झांक्या मुळात कापड गिरण्यांच्या कामगारांच्या. गिरण्यांचे भोंगे बंद पडून जमाना झाला, हुकूमचंद मिल तर १९९१ लाच बंद झाली, तरी झांक्या त्याच नावांनी निघतात. तेव्हा रथावरच्या हलत्या पुतळ्यांसोबत त्याच्यापुढे आखाडे खेळणाऱ्यांचे आणि रस्त्याकडेला रात्रभर बसलेल्या बायकापोरांचेही फोटो काढा. हे दिव्यांच्या पसरलेल्या उजेडात ५० ला अतिशय सुंदर मिळतं.

लेन्स नवीच घ्या, पक्क्या बिलावर, भारतातल्या वॉरंटीची. कॅमेऱ्यासोबतच्या किटमधून काढून पांढऱ्या खोक्यात विकलेली असेल तर वॉरंटी कुणाची, हे बिलावर लिहून मागा. हूड, हवेचा ब्लोअर आणि हवाबंद डब्यात टाकायला सिलिका जेल घेऊनही पैसे उरतील. ते ठेवून द्या. सिरपूर तलावावर पक्षी बघायची हौस लागली तर कधीतरी लांबचं जवळ आणणारी ५५-२५० एसटीएम बघू, त्याची आज घाई नाही.

उरली सासऱ्यांची लेन्स. निकॉनची असून ती कॅननवर लागते, साध्या ॲडॉप्टरने. निकॉनमध्ये लेन्सचं माउंट फिल्मपासून ४६.५ मिलिमीटरवर असतं, तुमच्या कॅननमध्ये ४४, त्यामुळे अडीच मिलिमीटरची धातूची चकती मधे बसते आणि अनंतापर्यंत फोकस होतो. गंमत म्हणजे कॅननच्याच जुन्या एफडी लेन्सा, ४२ मिलिमीटरच्या, अशा साध्या चकतीने बसत नाहीत. पण फोकस हाताने, छिद्र लेन्सवरच्या रिंगने, आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या लहानशा व्ह्यूफाइंडरमधून एफ/१.८ चा फोकस डोळ्याने पकडणं अवघड. नाचाला ती निरुपयोगी. फुलं, मूर्ती, ताट, खुर्चीत पेपर वाचत बसलेले सासरे, याला लाइव्ह व्ह्यू मोठा करून मजेत वापरा, ॲडॉप्टरला काही शेच रुपये पडतात.

मात्र कपाटातून काढल्यावर आधी अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघा. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. रिंग फिरवून पातीही बघा, त्यांच्यावर तेलाची चकाकी असेल तर ती अडखळतील. बुरशी निघाली तर घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका, लेन्स साफ करणाऱ्याला दाखवा, आणि तोवर ती नव्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.